एकास वीस

पट्टीसरांनी भर वर्गात तिच्या मॉडेलमधल्या पुठ्ठ्याच्या बाईला चिमटीत धरून उचललं आणि बाईच्या जागी आपल्या खिशातला पुठ्ठ्याचा माणूस उभा केला. झालं ते एवढंच. पण तो माणूस उभा राहीना. पोटमाळ्याच्या खाली, ओट्यासमोर, जिथे ती बाई वर्षभर कशी निवांत उभी असायची, तिथे या माणसाचं डोकं माळ्याला अडत होतं. सरांनी त्याला जरासा दाबला, तेव्हा माळ्याचा एका बाजूचा डिंक सुटून टक् असा आवाज झाला आणि मागून कुणीतरी फिसकन हसलं. एक हसला की बाकीच्यांना हसायला पास मिळतो. तिला वाटलं, आपल्या तोंडात कुणीतरी मूठभर भुसा कोंबलाय. ‘काय ऐसपैस खोल्या करतेस गं तू,’ असं याच मंडळींनी तिला महिनोन् महिने ऐकवलं होतं. बोटांना सतत डिंक लागलेला असायचा म्हणून ज्याला सगळे डिंक्या म्हणत, तो तर तिची मॉडेलं बघायला मुद्दाम तिच्या टेबलाशी यायचा आणि म्हणायचा, ‘तुझ्या घरात माणसाला श्वास घेता येतो बुवा.’ आणि आता कळत होतं की खोल्या ऐसपैस नव्हत्याच. त्यांतली बाई लहान होती. सर आपल्या पोलादी पट्टीवर बाईला आडवी निजवून मापत होते. पट्टी सदैव हातात म्हणून ते पट्टीसर, आणि मापात चूक सापडली की त्यांचा चेहरा जेवण चांगलं झाल्यासारखा होई. आज मात्र तो तसा झाला नाही.

“ही कोण?” त्यांनी विचारलं.

“माणूस आहे, सर. एकास वीसच्या स्केलचा.”

“माणूस हा आहे,” त्यांनी आपल्या खिशातला दाखवला. “मापांच्या तक्त्यावरून कापलेला. हा कुणीच नाही, म्हणून तो सगळीकडे चालतो. ही कुणीतरी आहे. हिची मान बघ, हात बघ. अशी बाई तक्त्यात नसते. कुठून आणलीस?”

“कुठून नाही. अशीच… अंदाजाने कापली.”

“म्हणजे डोळ्याने कापलीस. मग डोळ्याने कुठेतरी बघितली असणार. हिला शोध. हिची खरी मापं घे आणि हिच्यासाठी एक वस्तू कर. एकच. वर्षाच्या शेवटच्या रिव्ह्यूला मी तेवढंच बघेन. नाही जमलं तर पुन्हा पहिल्या वर्षाला बस, त्यात काही मरण नाही.”

त्यांच्या दृष्टीने नसेल. तिच्या दृष्टीने होतं. या डिझाइन कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी तिचं नाव सगळ्यांत शेवटी लागलं होतं, आणि तेव्हापासून ती या इमारतीत दुसऱ्याच्या पंगतीत बसल्यासारखी वावरत होती. कधीतरी मागून खांद्यावर हात पडेल आणि कुणीतरी सभ्यपणे म्हणेल, अहो, चूक झाली, तुमचं नाव नव्हतंच. इतरांना कशाकशाची माहिती होती. कुणाच्या घरी मोठमोठी पुस्तकं होती, कुणाचे वडील घरं बांधत होते. तिच्याकडे फक्त डोळा होता. रेषा न मापता सरळ यायची, दोन रंगांतला फरक इतरांच्या आधी दिसायचा. या एका भांडवलावर ती तग धरून होती आणि आज नेमकं त्यालाच कुणीतरी खोटं नाणं म्हटलं होतं. पट्टीसरांनी बाई तिच्या तळहातावर ठेवली आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले.

बसमध्ये तिने मूठ उघडून पाहिली. बाई जराशी घामेजली होती. बाजूने कापलेली, मान पुढे काढलेली, पाठीला एक हलका बाक, उजवा हात कोपरात दुमडून पुढे, काहीतरी देत किंवा घेत असल्यासारखा. वर्षाच्या सुरुवातीला सगळ्यांनी तक्ता समोर ठेवून आपापली माणसं कापली, तेव्हा तिने तक्त्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. डोळा होता ना! कटर सरसर फिरला आणि बाई पुठ्ठ्यातून निघाली, जणू आत आधीपासून होतीच. मग प्रत्येक नव्या मॉडेलसाठी तिच्याभोवती पेन्सिल फिरवून तिचीच नक्कल कापायची. दरवाजा किती उंच? हिच्या डोक्यावर एवढा. खिडकी कुठे? हिला बाहेर दिसेल तिथे. ओटा, पायरी, कठडा, सगळं हिला विचारून. पूर्ण वर्ष तिने एका अनोळखी बाईसाठी जग बांधलं होतं, आणि त्यात दुसरं कुणी मावत नव्हतं. आपण लबाडी केली नाही, हे तिला ठाऊक होतं. पण लबाडी न करता माणूस इतका चुकू शकतो, याची तिला जास्त भीती वाटली. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी तिच्या तळहाताकडे पाहिलं, तशी तिने मूठ मिटली.

पुढचे काही दिवस ती त्या बाईला गावभर शोधत हिंडली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. वाचनालयातल्या बाई पुस्तकावर शिक्का मारताना अशा वाकायच्या, पण त्यांची मान आखूड. वरच्या मजल्यावरच्या आजींना कुबड होतं, पण त्यांचा हात असा पुढे येत नसे, त्यांचे दोन्ही हात मागे कमरेवर. ती बसथांब्यावर उभी राहून बायका न्याहाळायची, आणि बायका पदर नाहीतर पर्स सावरून तिच्याकडे संशयाने बघायच्या. घरी मावशी विचारायची, “काय गं, हल्ली हरवल्यासारखी का असतेस?” ती म्हणायची, “डोक्यात काम आहे.” मावशी म्हणायची, “मग डोक्याला तेल लाव,” आणि तिच्या ताटात आणखी भात वाढायची. पुन्हा पहिल्या वर्षाला बसावं लागेल, हे मावशीला सांगायचं तिच्या जिवावर आलं होतं. मावशीने चाळीतल्या झाडून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आमची पोरगी वस्तूंचे आकार ठरवायला शिकतेय, उद्या तुम्ही ज्या खुर्चीत बसाल ती हिने ठरवलेली असेल. लोक म्हणत, खुर्ची काय ठरवायची असते? मावशी म्हणे, मग काय आपोआप होते?

आई गेली तेव्हा ती शाळेत जाऊ लागली होती नुकती. मावशीने तिला आपल्याकडे आणलं ते थेट लॉन्ड्रीत, कारण मावशीचा दिवस तिथेच जायचा. काउंटरच्या खाली कपड्यांच्या गाठोड्यांमध्ये तिची जागा होती. तिथून जग म्हणजे मावशीच्या चपला, पोटऱ्या, ड्रॉवरचा तळ, आणि खूप उंचावर मावशीची हनुवटी. वाफेचा उबट वास यायचा, इस्त्री फुस्स करायची, वरून गिऱ्हाइकांचे आवाज यायचे आणि मध्येच मावशीचा हात खाली येऊन तिच्या हातात कपड्यांना टाचायच्या चिठ्ठ्यांच्या पुठ्ठ्याचे उरलेले तुकडे ठेवायचा. त्यांच्या कोऱ्या बाजूवर ती चित्रं काढायची. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मावशी पांढरे शर्ट तिच्यासमोर धरायची. “हा कसला पांढरा?” “पांढरा.” “नीट बघ. हा दुधी. हा मोतिया. हा निळीतला. आणि हा बिचारा धुऊन धुऊन झालेला पांढरा.” कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात रंगांच्या बाईंनी पांढऱ्या कागदांचा ढीग ठेवून ते गडद होत जातील तसे लावायला सांगितले, तेव्हा सगळा वर्ग चक्रावला होता. तिने हातातले पत्ते लावावेत तसे ते लावून टाकले. बाई म्हणाल्या, कुठे शिकलीस? ती म्हणाली, असंच. आता बसमधून उतरताना तिला वाटलं, ‘असंच’ हा शब्द आपण जरा जास्तच वापरतो.

त्या दिवशी बस रोजच्या थांब्यावर न थांबता पुढे गेली, आणि तिला लॉन्ड्रीच्या समोरच्या फुटपाथवरून परत यावं लागलं. मावशीला बरोबर घेऊन जाऊ म्हणून ती थांबली. या बाजूने तिने लॉन्ड्री कधी पाहिलीच नव्हती, नेहमी सरळ आत शिरायची. दुकानाची काच जमिनीपर्यंत होती आणि काउंटर काचेला काटकोनात, त्यामुळे त्याच्यामागे उभी असलेली मावशी इथून बरोबर बाजूने दिसत होती, पायांपासून डोक्यापर्यंत. ती कुणाचा तरी कोट घडी करून पुढे देत होती. मान पुढे, पाठीला बाक, उजवा हात कोपरात दुमडलेला. तिने खिशातून पुठ्ठ्याची बाई काढली, हातभर लांब धरली आणि एक डोळा मिटला. पुठ्ठ्याच्या मागे मावशी पूर्ण झाकली गेली. कुठूनही जराशीसुद्धा बाहेर आली नाही. ती तशीच उभी राहिली, हात भरून येईपर्यंत. येणारेजाणारे तिला वळसा घालून जात होते. तिला आनंद व्हायला हवा होता, कारण डोळा खोटा नव्हता, अगदी केसाइतकाही चुकला नव्हता. पण तिला रडू आलं. मावशी एवढीशी आहे, हे आपल्याला आत कुठेतरी माहीत होतं आणि आपण ते स्वतःला कधी सांगितलं नव्हतं, असं काहीसं तिला वाटलं.

घरी स्वयंपाकघराच्या चौकटीवर तिच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा होत्या, दर वाढदिवशी मावशीने केलेल्या. तिथे तिने मावशीला पाठ लावून उभं केलं.

“हे काय आता नवीन? मला कुणी बघायला येणारेय का?”

“मावशी, हलू नको. सरळ उभी राहा.”

“सरळच आहे.”

“आणखी.”

मावशीने टाचा चौकटीला लावल्या, मग कंबर, मग खांदे. मध्ये एकदा ‘आई गं’ म्हणाली आणि हसली. मग डोकं मागे नेलं. तिने पट्टी डोक्यावर ठेवून खूण केली, मावशीला बाजूला केलं, आणि आपण काहीतरी चुकलो असं वाटून पुन्हा उभं केलं. खूण पुन्हा तिथेच आली. तिच्या स्वतःच्या शेवटच्या खुणेला जवळजवळ चिकटून.

“मावशी, तू माझ्याएवढी आहेस!”

“मग? शाळेत मला ताडमाड म्हणायचे. वर्गाच्या फोटोत कायम मागच्या रांगेत.” मावशीने खुणेकडे पाहिलं, जरा वेळ पाहिलं. “आता बाई झिजत चालले. वयाने होतं तसं.” आणि ती पुन्हा आपल्या रोजच्या आकारात आली, मऊ पडलेल्या उशीसारखी, आणि डाळ उतू जातेय म्हणून आत गेली.

वयाने होतं तसं, हे तिला पटेना. दुसऱ्या दिवशी ती टेप घेऊन लॉन्ड्रीत गेली. मावशीचं कोपर मापलं, खांदा मापला, हात पुढे किती जातो ते मापलं. मालक चष्म्यावरून बघत राहिले. “काय, मावशीला कपडे शिवतेस काय?” मग तिने काउंटर मापला, आणि टेपवरचा आकडा बघून तिला वाटलं, हा तर ओळखीचा आहे. रोज या आकड्यावर आपण कोपरं टेकतो. कॉलेजमधलं तिचं चित्रांचं टेबल याच उंचीचं होतं. ते बसायचं टेबल होतं.

“काका, हा काउंटर आधी कुठे होता?”

“जुन्या बँकेतून उचलला. अस्सल सागवान आहे, हात लावून बघ.”

“आणि खुर्ची?”

“होती. काढली. बसलेला माणूस गिऱ्हाइकाला रिकामा दिसतो.” मालक वाईट नव्हते. दिवाणखान्यात चित्र कुठे लावावं ते सांगावं, तितक्या सहज त्यांनी हे सांगितलं. मावशी मागे चिठ्ठ्या टाचत होती. तिने मानही वर केली नाही, कारण ती आधीच खाली होती. बसून करायचं काम ती उभ्याने करत आली होती, आणि उरलेलं अंतर तिने आपल्या पाठीतून काढून दिलं होतं. ही गोष्ट इतकी सोपी होती की तिला मालकांचा राग यायच्या आधी स्वतःचाच आला. काउंटरखालच्या त्या जागेत तिचं बालपण गेलं होतं, तिथल्या लाकडाची प्रत्येक गाठ तिला पाठ होती, आणि वरचा पृष्ठभाग कुणासाठी आहे हे तिने कधी विचारलं नव्हतं.

खुर्चीला मालक तयार झाले नाहीत. काउंटरच्या पायांखाली ठोकळे घालायला झाले, कारण काउंटर उंच झाला की खाली गाठोडी जास्त मावणार होती. तिने पुस्तकातला उभ्याच्या कामाचा तक्ता काढला, मावशीच्या कोपराचं माप त्याच्याशी ताडून पाहिलं आणि कॉलेजच्या कार्यशाळेत चार ठोकळे केले. डिंक्याने ते घासायला मदत केली आणि विचारलं, “एवढंच?” ती म्हणाली, “एवढंच.” आणि तिला पहिल्यांदा आपण या इमारतीतले आहोत असं वाटलं. रविवारी सगळ्यांनी मिळून काउंटर उचलला, ठोकळे पायांखाली सारले. मावशी समोर उभी राहिली. “अगं बाई, मी तर आता दुकानाची मालकीण दिसतेय,” ती म्हणाली, आणि मालकांसकट सगळे हसले.

ते हसू तिला आठवडाभर पुरलं. मावशीला विचारलं की मावशी म्हणायची, “छान आहे गं, एकदम छान.” पण सकाळी वेणी घालताना मावशीचा हात खांद्याच्या वर जाईना. दोनदा कंगवा खाली पडला. “वारं धरलंय,” मावशी म्हणाली. आणि मग एका संध्याकाळी, जरा फुशारकीनेच म्हणा, ती पुन्हा समोरच्या फुटपाथवर जाऊन उभी राहिली. आपलं काम लांबून बघायला. पुठ्ठ्याची बाई काढून एक डोळा मिटायचीही गरज पडली नाही. मावशी तशीच होती. तीच मान, तोच बाक. फक्त ती होती त्याहून उंचावर होती, जणू कुणी तिला आहे तशी उचलून फळीवर ठेवली होती. तिच्या पायाखाली साबणाचं लाकडी खोकं होतं. नेमकं ठोकळ्यांच्याच उंचीचं, जणू मापून आणलेलं. ठोकळे वाया जाऊ नयेत म्हणून मावशी खोक्यावर चढून पूर्वीसारखी वाकली होती.

ती आत गेली नाही. पुढच्या चौकापर्यंत चालत गेली आणि परत आली. आपण हे सगळं कुणासाठी केलं? मावशीसाठी, की पट्टीसरांसमोर ठेवायला? पाठ इतकी वर्षं ज्या वळणाला सरावली, ते वळण आपण एका रविवारी काढून घेतलं आणि वर टाळ्यांची वाट पाहत राहिलो. रोगापेक्षा औषध भारी. रिव्ह्यू तोंडावर आला होता आणि तिच्याकडे दाखवायला एक फसलेली वस्तू होती. ठोकळ्यांचा फोटो काढावा, मावशीला एक दिवस खोक्यावरून उतरवून सरळ उभं करावं, फोटोत दुखणारा खांदा दिसत नाही, हा विचारही तिच्या मनात येऊन गेला. तो गेला, पण आला होता हे तिला विसरता आलं नाही.

“तू खोक्यावर उभी राहतेस,” जेवताना ती म्हणाली.

“तुला कुणी सांगितलं?”

“दिसलं. दुखत होतं तर सांगायचं ना.”

“काय सांगायचं? एवढे घासून गुळगुळीत करून आणलेस.” मावशी ताटाकडे बघत राहिली. “तुझं चुकलं नाही पोरी. उंची बरोबर आहे. पण माझं अंगच आता तिथपर्यंत जात नाही. एकदम नाही जात. हळूहळू गेलं असतं कदाचित, जसं आलं तसं.”

जसं आलं तसं. ती ताटावरून उठली, हात धुवायचे राहिले, आणि चौकटीवरच्या आपल्याच खुणांसमोर जाऊन उभी राहिली. एकीच्या वर दुसरी, बोटभर, कधी त्याहून कमी. आपण वाढत होतो तेव्हा काही कळत नव्हतं. कधी दुखलं नव्हतं.

शेवटच्या रिव्ह्यूला तिच्या टेबलावर जे होतं ते पाहून डिंक्यासुद्धा खाली बघू लागला. इतरांच्या खुर्च्या होत्या, दिवे होते, एकाने तर घडी घालता येणारा झोपाळा केला होता. तिच्यासमोर पातळ प्लायच्या चौकोनी पाट्यांची एक चवड होती, एकावर एक ठेवलेली, पायपुसण्यापेक्षा जराशी मोठी. शेजारी काउंटरचं छोटं मॉडेल आणि पुठ्ठ्याच्या दोन बायका, एक वाकलेली, एक ताठ. पट्टीसरांनी चवडीला पट्टी लावली.

“ही वस्तू?”

“हो सर. यावर माझी मावशी उभी राहते. दर थोड्या दिवसांनी मी खालची एक पाटी काढते. तिला न सांगता. तिनेच सांगितलंय, मला कळू देऊ नको म्हणून. काउंटर ठोकळ्यांवर तिथेच राहतो, ती हळूहळू खाली येते, म्हणजे… सरळ होते. दुखलं तर पाटी परत घालायची.”

“आणि सगळ्या पाट्या संपल्या की?”

“मग ती जमिनीवर उभी. वस्तू संपली.”

सरांनी दोन्ही बायका उचलल्या, दोन्ही हातांत धरल्या. “यातलं खरं माप कुठलं?”

वर्षभर अशा प्रश्नांना ती ‘असंच’ म्हणत आली होती. “ही,” तिने वाकलेलीकडे बोट केलं, “ही मी बघितली. दुसरी ती स्वतःच विसरली होती. सर, माझ्या मॉडेलमधला पोटमाळा चुकलाच होता. मी तो काढून परत करेन. पण ही फेकणार नाही.”

“संपेल का ही वस्तू?”

“माहीत नाही. आत्तापर्यंत दोन पाट्या निघाल्यात. त्यातली एक परत घालावी लागली.”

पट्टीसरांनी बायका मॉडेलमध्ये जिथल्या तिथे ठेवल्या, पट्टीने त्यांच्यातलं अंतर उगाचच नीट केलं, वहीत तिच्या नावापुढे काहीतरी लिहिलं. “काम जमा धरतो,” ते म्हणाले. “सुट्टीनंतर पोटमाळा घेऊन ये.” आणि जाता जाता थांबून त्यांनी आपली स्वतःची पाठ, कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने, जराशी ताठ केली.

सुट्टी लागली. दुसऱ्या वर्षाचं पत्र आलं ते मावशीने चाळीत सगळ्यांना वाचून दाखवलं. पाट्या निघत होत्या, कधी परत जात होत्या. दुकान उघडायच्या आधी ती लवकर जाऊन खालची पाटी सरकवायची आणि मावशी मुद्दाम पाठ करून कुलपाशी खटपट करत असल्याचा आव आणायची. कळत असणारच तिला. एके दिवशी मालकांनी चष्म्यावरून बघून म्हटलं, “काय हो, तुम्ही हल्ली गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघून बोलता.” मावशी म्हणाली, “मग काय त्यांच्या बटणांकडे बघून बोलू?”

पाट्या अजून उरल्या होत्या, फार नाही. एका संध्याकाळी ती समोरच्या फुटपाथवर उभी राहिली. दिवे लागायचे होते, काचेवर अजून आभाळ होतं. मावशी कुणाला तरी शर्ट देत होती, धुऊन धुऊन झालेला पांढरा. तिने खिशातून जुनी बाई काढली, कडा आता मऊ झालेली, हातभर लांब धरली, पायांशी पाय जुळवले आणि एक डोळा मिटला. मावशी झाकली गेली. पूर्ण नाही. पुठ्ठ्याच्या डोक्यावर, मानेच्या मागून, थोडे करडे केस आणि कपाळ बाहेर आलं होतं. तिने हात स्थिर केला, पाय पुन्हा जुळवले, पुन्हा पाहिलं. जास्त नाही, नखभर. पण एकास वीसच्या हिशेबात नखभर म्हणजे पुष्कळ.